धोटा लागला

माग बंद पडले आणि मंदाची किंकाळी एकटी उरली.

श्रावणातला सोमवार होता. मी देव्हाऱ्यापुढे बसून चौंडेश्वरीचा टाक पुसत होते. मागच्या शेडमध्ये चार माग पहाटेपासून खडखडत होते. विट्यात आमच्या गल्लीत त्या आवाजाचं कुणाला काही वाटत नसे. तान्ही पोरं त्यातच झोपत आणि तो थांबला की दचकून उठत. वीज गेली, चारही माग एकदम गप्प झाले, आणि त्या शांततेत आधी मंदाची किंकाळी आली, मग चामड्याचा पट्टा अंगावर बसल्याचा आवाज, मग पोराचं रडणं. ते रडणं तेव्हा सुरू झालेलं नव्हतं. मधूनच ऐकू आलं होतं. बराच वेळ चाललं असणार ते, मागांखाली दबून.

मी टाक तसाच ताम्हणात ठेवून उठले. ‘काय झालं गं’ मात्र म्हणाले नाही.

श्रावणात माझा मौनाचा नेम असे. उठल्यापासून देवीपुढे दिवा लागून नैवेद्य होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हा नेम मला अण्णांनी, माझ्या वडिलांनी लावला. त्यांचा स्वतःचा बारा महिने असे, दर सोमवारी, दिवसभराचा. मी लहान असताना मला मांडीवर घेऊन ते खुणेनंच सगळं शिकवत. फूल देठाकडून कसं धरायचं, वात किती ओली करायची. माझं लग्न लवकर झालं. मी रहिमतपूरला गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ जगन्नाथ नुकता बसायला लागला होता. पुढं मालक वारले आणि मी परत भावाच्या दारात आले, तोवर अण्णाही गेले होते. शेडच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. रोज त्याला हात जोडायचे आणि मगच सुताच्या कांड्या भरायला बसायचे.

शेडच्या दारात गुंडातात्या उभे होते. शेजारच्या मागांचे मालक, अण्णांच्या बरोबरीचे. त्यांच्या पाठीमागं दोघं-तिघं कामगार. उंबरा कुणी ओलांडला नव्हता.

“जगू, पुरे की रं आता,” तात्या म्हणत होते. “लेकरू हाय ते.”

“माझं हाय. मी बघतो. तुम्ही तुमचं माग बघा.”

“वीज न्हाई. कसलं माग बघू?”

“मग भिंत बघा.”

मंदा, माझी भावजय, फरशीवर बसली होती. कपाळ फुटलं होतं. भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ती ते पदरानं पुसत होती, पुन्हा पुन्हा, चुलीपुढं घाम पुसावा तसं. दोन मागांच्या मधल्या सांदीत पोरगं पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. पहिलीतलं पोर. शाळेचा पांढरा सदरा अंगात होता आणि पाठीवर त्याला तांबडी रेघ उमटली होती. जगन्नाथच्या हातात मागाचा पट्टा होता, जाड, तेलानं काळा पडलेला, एका टोकाला लोखंडी कडी. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला इकडून तिकडं फेकणाऱ्या दांड्याला असतो तो.

पलीकडच्या मागावर ताणा तुटला होता. उभ्या धाग्यांचा झुपका केसांसारखा खाली लोंबत होता. मला वाटलं, पोरानं माग चालू करायची दांडी ओढली असेल. मागवाल्याच्या घरात तुटलेल्या ताण्याइतका मोठा अपराध नसतो. पण म्हणून एवढं?

त्यानं पाय धरून पोराला बाहेर ओढलं. पट्टा बसला. पोर ओरडलं नाही, नुसता श्वास आत ओढला. मंदा तशीच सरपटत गेली आणि नवऱ्याच्या पायाला मिठी मारली. त्यानं दुसऱ्या पायानं तिच्या छातीवर लाथ घातली. पोतं जमिनीवर टाकल्यासारखा आवाज झाला. ती सूत गुंडाळलेल्या बीमाला जाऊन आदळली आणि तिथूनच माझ्याकडं बघून ओरडली,

“आक्का, बोला की वो! नाव घ्या त्याचं! मला घेता येत न्हाई, तुम्ही घ्या!”

त्या पोराला दोन नावं होती. त्यातलं कोणतं कुणाच्या तोंडी असायचं, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

अण्णा गेले आणि वर्षाच्या आत हे पोर झालं. सगळ्यांनी म्हटलं, अण्णाच परत आले. तेव्हा माझे मालक होते, मी कपाळभर कुंकू लावून बारशाला आले. बायकांनी ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत त्याला पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी वाकले, त्याच्या उजव्या कानाशी हाताचा आडोसा केला, ‘कुर्रर्र’ केलं आणि म्हटलं, ‘रेवणनाथ’. अण्णांचं नाव. त्याबरोबर बायकांनी माझ्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. रीतच आहे ती. आत्यानं कानात नाव सांगितलं की तिची पाठ शेकायची. एकीनं इतक्या जोरात घातला की मला हसता हसता ठसका लागला. जगन्नाथ दाराशी पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले तेव्हा ‘नाव चांगलं हाय’ एवढंच म्हणाला.

मंदाला सासऱ्याचं नाव तोंडानं घेता येईना. जगन्नाथही घेत नसे. बापाचं नाव कसं घ्यावं, म्हणून घेत नसेल, असं मला वाटे. पोरगं रांगायला लागलं तसं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत, दिवसभर तेच. एकदा जगन्नाथनं त्याला वरच्यावर उचललं आणि हसून म्हणाला, “अगं, हा तर धोटा हाय नुसता. आरं धोट्या!” मग सगळी गल्लीच धोट्या म्हणायला लागली. मी तेवढी रेवणनाथ म्हणत राहिले. देवाचं नाव, वडिलांचं नाव, त्याची मोडतोड कशाला करायची? आणि आमच्यात असं धरतात, की वाडवडिलांचं नाव ज्या पोराला दिलंय त्याला त्या नावानं शिवी द्यायची नाही, त्या नावावर हात उचलायचा नाही.

शाळा सुरू झाल्यापासून जगन्नाथ पोराला मारायला लागला होता. आधी चापट, मग काठी. “शाळा लागली आणि ह्यांचं डोकं फिरलं,” मंदा मला म्हणायची. “धोट्या म्हणत्यात म्हणून मारवतंय, आक्का. मामंजींचं नाव कानावर पडलं की हात आपोआप खाली यील.” मलाही तसंच वाटे.

माझा दिवा अजून लागला नव्हता. मी देव्हाऱ्याच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं.

“जगू! रेवणनाथ आहे तो! अण्णांचं नाव आहे!”

माझा आवाज जन्मापासून लहान. पण माग बंद होते. सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्या पाठीमागून तात्या ओरडले,

“नको वो आक्का! ते नाव नको!”

जगन्नाथचा हात वर होता तो तिथंच थांबला. मंदानं डोळे मिटले. मलाही वाटलं, देवीनं ऐकलं.

त्यानं पोराकडं पाहिलं. मान एका बाजूला झुकवून पाहिलं. अंधारात चाहूल लागल्यावर विचारावं, तितक्या हळू आवाजात म्हणाला,

“अण्णा?”

मग त्यानं पट्टा उलटा केला. हातातलं टोक मुठीला गुंडाळलं आणि कडीचं टोक बाहेर सोडलं.

“उठा, अण्णा. उठा की. आज सोमवार न्हवं तुमचा? बोलायचं न्हाई आज.”

कडी पोराच्या खांद्यावर बसली. या वेळी पोर ओरडलं.

“बोलायचं न्हाई म्हटलं न्हवं? नेम मोडतोय! तोंड मिटा!”

पुन्हा बसली. दारातला एक कामगार ‘आई गं’ म्हणून मागं सरला. पोर हातांवर, गुडघ्यांवर मागाखाली शिरायला बघत होतं आणि जगन्नाथ त्याचा सदरा धरून मागं ओढत होता. सदरा फाटला.

“मी न्हाई, बाबा!” पोर किंचाळत होतं. “मी रेवणनाथ न्हाई! मास्तर म्हणत्यात म्हणून म्हणलो! आता न्हाई म्हणणार! मी न्हाई तो!”

तेव्हा मला कळलं, ताणा कसा तुटला ते. पोरानं काही तोडलं नव्हतं. सकाळी सदऱ्याची बटणं लावता लावता ते बापाला म्हणालं असणार, मला धोट्या म्हणू नका, माझं नाव रेवणनाथ जगन्नाथ चोथे हाय. पाठ करून आणलेलं नाव. आणि बापानं पहिला हात उगारला तेव्हा ते भिऊन मागात शिरलं असणार.

मी त्याच्यावर पडले. धावले असं नाही, मला धावता येत नसे. पडलेच. पोराला खाली घेतलं, दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं.

पाठीत पहिला पट्टा बसला तेव्हा डोळ्यांपुढं पांढरं झालं. दुसऱ्याला कडी लागली. खांद्याच्या हाडावर. मी आयुष्यात कुणाचा मार खाल्ला नव्हता. अण्णांनी मला फुलासारखं वाढवलं, मालक शांत होते. माझ्या पाठीत कुणी हात घातला असेल तर तो फक्त बारशाला, त्या हसणाऱ्या बायकांनी. तेच मला तेव्हा आठवलं. का, कुणास ठाऊक. माझं तोंड पोराच्या उजव्या कानाशी होतं. कान सुजून गरम झाला होता. पाठीत तिसरा बसला.

“कुर्रर्र,” मी म्हणाले.

पोर थरथरायचं थांबलं.

“कुर्रर्र,” मी पुन्हा म्हणाले. “तुझं नाव धोट्या. ऐकलंस? रेवणनाथ मेला. तू धोट्या.”

धोट्या हे नाव मी तोंडानं पहिल्यांदाच घेत होते.

चौथा बसला नाही. मी वाट बघत होते, अंग चोरून, पण बसला नाही. वर जगन्नाथ धापा टाकत होता.

“काय म्हणालीस?”

“नाव ठेवलं.” माझं तोंड फरशीकडं होतं. “आत्याचा मान आहे.”

“काय ठेवलं?”

“धोट्या.”

“परत म्हण.”

“धोट्या. धोट्या आहे रे तो, जगू. अण्णा गेले. तूच खांदा दिलास. हा धोट्या आहे.”

पट्टा माझ्या पायाशी पडला. जगन्नाथ मागाला टेकून खाली बसला. मी पोराला पोटाशी धरून उठले तर तो आपल्याच हाताकडं बघत होता. पट्टा गुंडाळून गुंडाळून मुठीवर वळ उठले होते.

त्याच्या हनुवटीपासून कानापर्यंत एक जुना व्रण होता. मी एकदा दिवाळीला माहेरी आले होते तेव्हा तो ताजा होता, टाके घातलेले. अण्णांनी मला सांगितलं, मागावरचा धोटा उडाला, पोराला लागला, डोळा वाचला हे नशीब. मी दुसऱ्या दिवशी देवीची ओटी भरली होती, भावाचा डोळा वाचवला म्हणून. जगन्नाथ त्या व्रणावर बोट फिरवत होता.

“मला कधीच धोटा लागला नव्हता, आक्का,” तो म्हणाला.

त्यानं बोट हनुवटीशी आणून थांबवलं.

“सोमवारीच असायचं त्यांचं. बाकीचे दिवस बोलून भागायचं. सोमवारी बोलायचं न्हाई, म्हणून मग...” त्यानं पट्ट्याकडं बघितलं. “गप मारायचे. एक शब्द न्हाई. आधी चारी माग चालू करायचे. मी ओरडलेलं मलाच ऐकू यायचं न्हाई. मला वाटायचं, मीच ओरडत न्हाई.”

मी दाराकडं पाहिलं. गुंडातात्यांनी मान खाली घातली होती.

“माग चालू असायचं,” ते म्हणाले. “तरी आम्हाला ठाऊक हुतं.”

मंदा बीमाला धरून उभी राहिली. एका डोळ्यातलं रक्त वाळून पापणी चिकटली होती. ती अडखळत भिंतीपर्यंत गेली, टाचा उंचावून अण्णांचा फोटो खिळ्यावरून काढला आणि दोन्ही हातांत धरून त्याच्याशी बोलावं तसं म्हणाली,

“रेवणनाथ.”

दारातले कामगार एकमेकांकडं बघायला लागले.

“रेवणनाथ,” ती म्हणाली. “रेवणनाथ. घेतलं नाव. काय वाकडं झालं माझं?”

तिनं फोटो फरशीवर आपटला. काच फुटून मागाखाली गेली. चंदनाचा हार सुटला. मग ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. लग्नापासून ‘अहो’ म्हणणारी, त्याच्यापुढं कधी मोठ्यानं न बोललेली.

“तुला मारलं, त्याचं मला वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “पर ह्याच्यावर परत हात उचललास, तर तुझंबी नाव घीन मी. घरात न्हाई. चौकीवर जाऊन घीन.”

तिनं माझ्या हातातून पोराला घेतलं आणि घरात गेली. जाताना तात्यांना म्हणाली, “सरका. तमाशा संपला.”

वीज आली. चारी मोटारी घूं घूं करायला लागल्या. दांडी कुणी ओढली नाही.

त्या दिवशी देवीपुढे दिवा दुपारी लागला. पाठ टेकवत नव्हती, म्हणून मी पालथी पडून होते आणि मंदा हळद-तेल लावत होती. तिच्या कपाळाला डॉक्टरांनी टाके घातले होते. “काय झालं म्हणून विचारलं डॉक्टरनं,” ती म्हणाली. “धोटा लागला म्हणून सांग, असं ह्यांनी सांगितलं हुतं. मी म्हटलं, नवऱ्यानं मारलं.” मग म्हणाली, “धोट्यावर कशाला आळ?”

मौनाचा तो नेम मी पुन्हा धरला नाही. बाकीचे सगळे आहेत. सोमवार आहे, मंगळवार आहे, चतुर्थी आहे, रोजची पोथी आहे. पण सकाळी उठल्यावर पहिला शब्द मी देवीच्या आधी उच्चारते. घरात कुणाला तरी हाक मारते, मोठ्यानं. ऐकू येतं का, बघते.

जगन्नाथनं पोरावर पुन्हा हात उचलला नाही, असं मी म्हणणार नाही. एकदा उचलला. मंदा चपला घालून बाहेर पडली आणि चौकीच्या वाटेवर, भर गल्लीत, वरच्या पट्टीत म्हणाली, “जगन्नाथ रेवणनाथ चोथे!” बायका दारांत आल्या. जगन्नाथ अनवाणी तिच्यामागं धावला, हात जोडत. त्यानंतर मात्र नाही.

त्या सोमवारनंतर पोर आठवडाभर घरीच होतं. पुढच्या सोमवारी मी त्याला शाळेत घेऊन गेले. पाठीवर पदर सहन होत नव्हता, म्हणून सैल घेतला होता. वर्गाच्या दारात उभी राहिले. मास्तर हजेरी घेत होते. चांगले गृहस्थ, नवीन बदलून आलेले, प्रत्येक पोराचं पूर्ण नाव घेत, मान दिल्यासारखं.

“रेवणनाथ जगन्नाथ चोथे.”

पोरानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. खाली वाकलं, गुडघ्यांत तोंड घातलं. आजूबाजूची पोरं हसायला लागली.

मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. मग माझ्याकडं आले. “काय झालं हो बाई? आजारी होता का?”

“नाव चुकलंय, मास्तर,” मी म्हणाले.

“चुकलं कसं? दाखल्यावर वडिलांची सही आहे.”

“तेव्हा ते होतं. आता बदललंय. तुमचा काय अर्ज असेल तो द्या, बापाची सही आणते.”

“बरं. काय लिहू?”

“धोट्या.”

मास्तर हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. “अहो बाई, ते घरचं झालं. लाडाचं. उद्या मोठा होईल, नोकरीला लागेल, लोक हसतील. चांगलं देवाचं नाव आहे, कशाला बदलता? हे काय नाव आहे होय?”

“आत्यानं ठेवलंय,” मी म्हणाले. “रीतीप्रमाणं. पाठीत खाऊन ठेवलंय.”

मी खांद्यावरचा पदर जरा बाजूला केला. पोलक्याच्या वर मानेखाली दिसत होतं तेवढं त्यांना दिसलं. कडीची खूण अजून काळीनिळी होती.

मास्तर मागं वळले. परत गेले, खुर्चीत बसले, पोरांना गप्प केलं. लेखणी उचलली. आणि एकेका अक्षरावर थांबत, तितक्याच मानानं, हाक मारली,

“धोट्या जगन्नाथ चोथे.”

पोरानं डोक्यावरचे हात काढले. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

“हजर!” तो ओरडला. एवढ्या मोठ्यानं, की माग चालू असते तरी ऐकू गेलं असतं.